बत्तीसातले आठ

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. मला तेहतीस पूर्ण झाली होती. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती, पारनेरात माझ्या नावाची पाटी लागली होती, आणि मिशीत एक-दोन केस पांढरेही दिसायला लागले होते. या वयाला कोणी वाढीचं वय म्हणत नाही, हे मला कळतं. पण मी माझ्या वाढीचं लिहायला बसलोय, आणि माणूस सगळ्या अंगांनी एकदम वाढत नाही. हातानं मी फार लवकर वाढलो. एका अंगाची वाढ मात्र त्या साली झाली, म्हणून ते प्रकरण इथंच घालतो. ज्याला पटत नसेल त्यानं पान उलटावं.

माझं शिक्षण चौथी. धंदा मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती बैलगाडीत, टेम्पोत, कधी सायकलीच्या कॅरेजला बांधून माझ्याकडं आणायचे. मी ती उघडायचो, आतली जळकी तार काढायचो, आणि तेवढेच वेढे घालून नवी तार भरायचो. तार तांब्याची, आणि तांबं म्हटलं की संशय आलाच. याने बारीक तार भरली का? जुनं तांबं मधल्या मध्ये ढापलं का? म्हणून माझ्या दुकानात एक रीत होती. मालक समोर बसल्याशिवाय मी मोटार उघडायचो नाही. जळकी तार काढली की त्याच्यासमोर काट्यात टाकायची, नवी भरायच्या आधी तीही टाकायची, आणि दोन्ही आकडे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. ही रीत मी हौसेनं घातलेली नव्हती. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादांना एका गिऱ्हाइकानं भर बाजारात "तांबंचोर" म्हटलं होतं. उस्तादांनी काडीचंही तांबं घेतलेलं नव्हतं. पण चार माणसांनी ऐकलं, चाळीस माणसांत गेलं, आणि वर्षाच्या आत दुकान बसलं. आमच्या धंद्यात चोर हा शब्द जळक्या तारेसारखाच. एकदा वास लागला की खोलीतून जात नाही. हे मला माहीत होतं. तेहतीस वर्षांचा होऊन, एवढं माहीत असून मी काय केलं ते आता सांगतो.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण कुंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. पुढच्या भागात माझं तार गुंडाळायचं हातयंत्र कटकट कटकट करायचं, मागं पाळण्याची कडी कुरकुरायची, आणि दोन्ही आवाज कधीकधी एका तालात यायचे, तेव्हा माझी बायको शांता म्हणायची, "बगा, भाचीनं मामाचा धंदा धरला." घरभर वास तरी किती! माझ्या वार्निशचा, बाळंतिणीच्या शेगडीतल्या ओव्याच्या धुरीचा, तुपात तळल्या जाणाऱ्या डिंकाचा. आई सकाळी अहळिवाची खीर करायची, दुपारी बाजरीची भाकरी आणि लसूण घालून शेपू, आणि संध्याकाळी बाळंतिणीला दूध यावं म्हणून हुलग्याचं माडगं. माडगं कुंदासाठी असायचं, पण टोपातलं अर्धं मीच प्यायचो. आई म्हणायची, "तुला कुनाला पाजायचंय रं?" आजही हुलगे भाजल्याचा वास आला की मला त्या उन्हाळ्याचं सुख आठवतं. हल्ली सून माडगं मिक्सरमध्ये करते. चांगलंच करते, पण गाठी राहत नाहीत, आणि गाठीशिवाय माडगं म्हणजे काय.

कुंदा आमच्या घरात एकटीच शिकलेली. नकाशे काढायचा कोर्स केलेली, आणि पाणलोटाची कामं करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. कोणत्या माळावर पाणी कुठून वाहतं, बांध कुठं घालायचे, याचे नकाशे ती काढायची. ऑफिसानं तिला बाळंतपणाची रजा दिली होती, पण एका गावाचा नकाशा अर्धा राहिला होता, आणि गुरुवारी त्याची पाहणी होती, तो चुकला तर तिची जागा राहील याचा भरवसा नव्हता. म्हणून साहेबांनी तिच्याबरोबर ऑफिसचा लॅपटॉप धाडला होता. पारनेरात तोवर मी तरी ती वस्तू पाहिली नव्हती. पाटीएवढी काळी पेटी, उघडली की वरच्या झाकणात उजेड. कुंदा खाटेवर मांडी घालून, एका मांडीवर पोरगी आणि पुढ्यात पेटी घेऊन बसायची. पण ते यंत्र फार मंद. नकाशा उघडायला लागला की अर्ध्या नाल्यापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा, आडून बसलेल्या बैलासारखा. कुंदा म्हणाली, "दादा, ह्याची मेमरी कमी पडतीय."

मी विचारलं, "मेमरी म्हंजी?"

"काम करताना पुढ्यात पसरायला लागती ती जागा. परात ल्हान असली तर एका वेळी सगळं पीठ मळता येत न्हाई, तसं."

साहेबांनी फोनवर सांगितलं की नगरला एक नवं दुकान निघालंय, तिथं वाढवून घ्या. मीच ती पेटी मांडीवर धरून एसटीनं नगरला नेली. दुकानदाराचं नाव विलास. पंचविशीचा, काडीसारखा, चष्मेवाला. बहिणीचा नकाशा अडतो, असं मी त्याला सांगितलं. त्यानं तळाचं एक झाकण काढलं, बोटभर लांबीची हिरवी पट्टी काढली आणि तसलीच दुसरी बसवली. म्हणाला, "सोळाची होती, आता बत्तीस झाली." पाच मिनिटांचं काम. मला एवढंच खटकलं की त्यानं काही तोललं नाही. आता हसू येतं, पण तेव्हा खटकलं खरं.

घरी येऊन कुंदानं पेटी चालू केली. चालू होताना काळ्या पडद्यावर एक आकडा भरभर वर चढतो, आत किती मेमरी आहे ते यंत्र स्वतःच मोजतं. हे मला फार आवडलं होतं, माझ्या हातयंत्राला वेढे मोजायचं चक्र होतं तसंच. आम्ही दोघं डोळे लावून बसलो. आकडा चढला, चढला आणि थांबला.

कुंदा म्हणाली, "चोवीसच दाखवतीय."

"बत्तीस पायजेत ना?"

"व्हय. आठ कमी येत्यात. दादा, उद्या जाऊन इचारून ये नुसतं. काहीतरी कारण असंल."

नुसतं विचारून ये, असं ती म्हणाली होती. हे मी तिच्या वतीनं मुद्दाम लिहून ठेवतो. पण माझ्या कानात दुसरंच वाजत होतं. बत्तीस सांगितले आणि चोवीस भरले! माझ्या काट्यावर असं झालं असतं तर लोकांनी मला दिंडीदरवाज्याला टांगलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पेटी पिशवीत घालून मी विलासच्या दुकानात होतो. आत एक टोपीवाले मास्तर बसले होते. सुप्याकडच्या एका वस्तीवर त्यांची शाळा होती, गावानं वर्गणी काढली होती आणि शाळेसाठी पहिला कॉम्प्युटर घ्यायला ते आले होते. समोर कागद होता, विलास त्यावर काही लिहीत होता. मी बसलोसुद्धा नाही.

"बत्तीस म्हनाला हुतास. चोवीस भरल्यात. आठ कुठं गेलं?"

विलास उठला. "भाऊ, बसा. बत्तीसच आहेत. हे बघा," आणि त्यानं झाकण उघडून पट्टी काढून दाखवली. तिच्यावर आकडा छापलेला होता.

मी म्हणालो, "छापलेलं मला दाखवू नगं. मी बी बारीक तार भरून वर जाड लिहीन. यंत्रच सांगतंय चोवीस."

"भाऊ, ह्या मॉडेलात स्क्रीनला स्वतःची मेमरी नाही. चित्र दाखवायला तो ह्याच्यातलीच वापरतो. आठ त्यानं घेतलेत."

"स्क्रीननं घेतलं? आन म्यां चष्मा घातला तर माजं डोकं कमी व्हतं का रं? तुज्या दुकानातला स्क्रीन लई खादाड दिसतोय!"

शेजारचा झेरॉक्सवाला दारात येऊन उभा राहिला. दोघंचौघं रस्त्यावरून थांबले. लोक हसले की माणसाला चेव येतो. मला आला. मी म्हणालो, "आमच्यात ह्याला सरळ नाव हाय. चोरी. तू चोर हायेस." एकदा नाही, दोनदा म्हणालो. विलासचं तोंड लाल झालं. पण त्यानं आवाज चढवला नाही. पट्टी परत बसवली, झाकण लावलं, एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहिलं आणि पिशवीच्या कप्प्यात घातलं. म्हणाला, "घरी ताईंना हे वाचायला द्या." मी पिशवी हिसकून घेतली.

मास्तरांनी पुढ्यातला कागद चौकोनी घडी घालून खिशात ठेवला होता. "बघतो, मग येतो," असं विलासला म्हणून ते माझ्या मागोमाग बाहेर पडले. स्टँडवर त्यांनी मला गाठलं. "बरं झालं बुवा तुम्ही भेटलात. गावाचा पैसा होता. नाहीतर मीही फसलो असतो." त्यांनी स्वतः उसाचा रस पाजला. मी तो मोठ्या ऐटीत प्यायलो. चौथी शिकलेल्या माणसानं एका मास्तराला शहाणं केलं! एसटीत खिडकीपाशी बसून मी कामरगावचा घाट चढेपर्यंत स्वतःशीच हसत होतो.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली. शांता कारळ्याची चटणी कुटत होती, तिचा हात थांबला नाही. आई पाळण्याला दोरी देत होती. कुंदानं मात्र पिशवी चाचपली, चिठोरं काढलं आणि वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. ते मला शब्दनशब्द आठवतं.

"ताई, चालू होताना एफ टू दाबा. स्क्रीनच्या मेमरीची ओळ येईल. तिथं आठ आहे ते दोन करा. नकाशाला एवढे रंग लागत नाहीत. सहा परत मिळतील."

कुंदानं पेटी बंद करून पुन्हा चालू केली, बटण दाबून धरलं. निळा पडदा आला, त्यावर पांढऱ्या ओळी. एका ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "हे बग दादा. ही स्क्रीनची. आठ." मग तिनं दोन केले, आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. आकडा चढला. चोवीसाला थांबला नाही. तिसावर थांबला.

मी म्हणालो, "बटनानं चोरलेलं परत येतं व्हय?"

कुंदा म्हणाली, "चोरलं कुठं हुतं दादा? सगळी बत्तीसच. पडदा आन काम एकाच जागेतनं घेत्यात, एवढंच."

मला ते पटेना. एक वस्तू एकाची असते किंवा दुसऱ्याची असते. तेव्हा आईनं पाळण्याची दोरी सोडली. माझ्या आईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि त्या पेटीला ती हात लावायचीही नाही, बाळाला उष्णता लागेल म्हणायची. तिनं कुंदाला विचारलं, "सगळी मिळून किती म्हनलीस?"

"बत्तीस."

"आन पडदा किती घेत हुता?"

"आठ."

"म्हंजी चार आन्याचा हिस्सेदार झाला की." मग माझ्याकडं वळून, "बबन, आपल्या इहिरीत तुज्या चुलत्याचा बारा आने हिस्सा हाय आन आपला चार आने. चार दिवसांत येक दीस पानी आपलं. आता उद्या चुलत्यानं इहिरीत वाकून बगावं आन गावभर बोंबलावं का, की माझं चार आने पानी कुनी चोरलं? इहीर भरलेलीच हाय. हिस्सेदार दोन हायेत."

कुंदा हसायला लागली. "आये, तू माज्या ऑफिसात चल."

"आन आता दोन घेतोय म्हंजी येक आना," आई म्हणाली. "बरं केलंस. मेल्याला पानी कशाला येवढं, त्याला काय पीक हाय?"

सोळा आण्यांत मला गणित कळतं, बत्तीसात आणि चोवीसात कळत नाही. ते त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की मी खालीच बसलो. कुंदानं नकाशा उघडला. रंग जरा उडाले होते, हिरवं ते करडं दिसत होतं. पण नाला अर्ध्यावर थांबला नाही. खालपर्यंत आला, ओढ्याला मिळाला, आणि मग एकेक करून टेकडीच्या रेषा उमटायला लागल्या, पाण्यात खडा टाकल्यावर वलयं येतात तशा. आई, शांता, मी, सगळे त्या पाटीएवढ्या उजेडात वाकून बघत होतो. पोरगी पाळण्यात झोपलेली. त्या दुपारी त्या घरात सगळ्यांना आनंद झाला होता, आणि तो मलाही झाला होता, हे मी लपवत नाही. कुंदाचा नकाशा पुढं गुरुवारच्या आत झाला, आणि तिची जागाही राहिली. आता ती त्याच संस्थेतून निवृत्तीला आली आहे.

पण मी एका सरळ माणसाला चार लोकांत चोर म्हटलं होतं. आणि त्यानं तरीही इलाज लिहून माझ्याच पिशवीत घातला होता. मी पुढं जाऊन हातयंत्राशी बसलो आणि एका मोटारीचे वेढे तीनदा चुकलो. चहा आला तो निवला. शेवटी शांता दारात येऊन उभी राहिली.

"काय ठरलं?"

मी म्हणालो, "बूथवर जाऊन फोन लावतो त्याला. चुकलं म्हनतो."

"असं व्हय. शिवी तोंडानं, बाजार गोळा करून. आन माफी तारेतनं, कुनाला दिसू नये अशी."

"मग काय पाय धरू त्याचं?"

"पाय कुनी मागितल्यात? काटा तुमचाच हाय ना? दोनी बाजू समोरासमोर तोला म्हंजी झालं." आणि ती आत गेली.

बायकोशी मी तसा कधी हरलेलो नाही. आजही तिला विचारा, ती सांगेल. पण त्या संध्याकाळी मी हातयंत्र बंद केलं आणि ताटावर बसलो. बाजरीच्या दोन भाकरी खाल्ल्या, माडगं नको म्हणालो, आणि आई म्हणाली, "आज टोप उरतंय, म्हंजी लईच लागलंय ह्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली. कंडक्टरला नगरचं तिकीट मागायला तोंड उघडलं आणि सुप्याचं मागितलं. सुप्याच्या फाट्यावर उतरून विचारत विचारत ती वस्तीवरची शाळा गाठली. प्रार्थना चालू होती. मी फाटकाबाहेर चपला काढून उभा राहिलो, देवळाबाहेर उभं राहावं तसा. प्रार्थना संपली, पोरं ओळीनं आत गेली, आणि मास्तरांनी मला पाहिलं.

"अरे, या या! आज इकडं कुठं?"

मी बसलो नाही. म्हणालो, "मास्तर, तुमी ज्याच्याकडनं उठून आलात तो मानूस चोर न्हाई. माजी मापात चूक झाली. त्यानं बत्तीसच दिली हुती. आठ पडद्याचा हिस्सा असतो, तसाच असतो त्या यंत्रात. मला ठावं नव्हतं, आन तो सांगत हुता तरी मी ऐकलं न्हाई."

मास्तरांनी हातातला खडू खिशात ठेवला. मग म्हणाले, "हे सांगायला पारनेरवरनं आलात?"

"व्हय."

"दुकानदाराला सांगितलं का?"

"न्हाई अजून. त्याला आदी सांगून काय करायचं? तो चोर न्हाई हे त्याला ठावंच हाय. ठावं नव्हतं ते तुमाला."

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसले. शेजारच्या गुरुजींना वर्ग बघायला सांगितला, कपाटातून तो चौकोनी घडी घातलेला कागद काढला, आणि भिंतीला टेकवलेली लुना पायडल मारून चालू केली. "बसा मागं. सुप्यापासून चढ नाही, दोघांना ओढंल ती."

नगरला पोचलो तेव्हा विलास नुकताच आला होता. कुलूप काढलं होतं, पण शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि तो एकटाच खालून रेटत होता. मला बघून त्याचे हात थांबले. झेरॉक्सवाला दारात फडकं झटकत होता, तोही थांबला. मी रस्त्यातूनच, आदल्या दिवशी होता तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणालो, "विलासराव, मी चुकलो. तुमी बत्तीसच दिली हुती." त्यानं चष्मा वर सरकवला. मास्तर मागं लुना स्टँडला लावत होते. मी पुढं गेलो, वाकलो, शटरच्या खाली दोन्ही हात घातले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते वर नेलं.